बांधाखालचे तेल

आमच्या शेताच्या पूर्वेकडील बांधावर एक बाभळ आहे. तिच्या अलीकडे आजोबांनी सुरुंग लावून खोदलेली, काळ्या पाषाणात उतरलेली विहीर आहे आणि पलीकडे, जेमतेम दीडशे फुटांवर, माझ्या चुलत्यांनी मारलेली बोअर आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात, जेव्हा कृष्णेच्या पात्रातही खडक उघडे पडले होते, तेव्हा ही बोअर रात्रंदिवस चालू राहिली आणि आमच्या विहिरीवरची मोटार, जी पूर्वी दुपारपर्यंत पाणी ओढत असे, ती पंधरा-वीस मिनिटांत हवा ओढू लागली. उसाचा खोडवा डोळ्यांदेखत वाळला. मी चुलत्यांकडे गेलो, तेव्हा त्यांनी चहा पाजला आणि शांतपणे सांगितले, ‘‘बाळ, बोअर माझ्या बांधाच्या आत आहे. खाली पाणी कुठून येतं ते मी कसं सांगू?’’

रागाच्या भरात मी चिकोडीला एका परिचित वकिलांना भेटलो. त्यांनी कपाटातून १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम काढला आणि त्यातील सातव्या कलमाखालचे एक उदाहरण वाचून दाखवले. त्याचा आशय असा की, जमिनीखालचे जे पाणी ठरावीक प्रवाहातून वाहत नाही, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क त्या-त्या जमीनमालकाचा असतो. हा कायदा आपल्या मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला आणि इलाखा जाऊन राज्य बदलले, उतारा मराठीऐवजी कन्नडमध्ये येऊ लागला, तरी ते कलम जिथल्या तिथे आहे, असे सांगून ते हसले. मग जाता जाता त्यांनी एक वाक्य टाकले, ‘‘सर, हे सगळे इंग्लंडच्या एका विहिरीवरून सुरू झाले आहे. त्याच विहिरीवरून अमेरिकेत टेक्सासचे तेलही वाटले गेले.’’ मी निपाणीच्या शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला, टेक्सास म्हणजे खनिज तेल, कापूस आणि गुरे हे मुलांकडून पाठ करून घेतले, परंतु हे मला ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर वेळही होता. त्या वाक्याच्या मागे मी जो लागलो, तो अजून लागलेलाच आहे.

इंग्लंडची ती विहीर लँकेशायरमधली. एका कापड गिरणीच्या मालकाची विहीर शेजाऱ्याने कोळशाच्या खाणी खोदल्यामुळे आटली आणि १८४३ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की, स्वतःच्या जमिनीत खोदणाऱ्याला त्यासाठी जबाबदार धरता येणार नाही. १९०४ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जवळजवळ तसाच तंटा आला. डेनिसन गावात एका रेल्वे कंपनीने इंजिनांसाठी मोठी विहीर खोदून दररोज पंचवीस हजार गॅलन पाणी उपसायला सुरुवात केली आणि शेजारच्या ईस्ट नावाच्या गृहस्थाची घरगुती विहीर कोरडी पडली. न्यायालयाने इंग्लंडचाच कित्ता गिरवला. भूगर्भातील पाण्याची वाट कोणालाच दिसत नसल्याने तिच्यावर कायद्याने हक्क ठरवता येत नाहीत, असे त्या काळच्या न्यायाधीशांचे म्हणणे होते. जो उपसेल त्याचे, हे तत्त्व पाण्याला लागू झाले आणि तेलालाही तेच लागू पडले. तेलाच्या बाबतीत पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने १८८९ मध्येच तेल व वायूची तुलना रानटी जनावरांशी केली होती. आपल्याकडे शिवारात शिरलेला ससा ज्याच्या काठीने पडेल त्याचा, तसेच जमिनीखालून सरकत आलेले तेल ज्याच्या विहिरीत येईल त्याचे.

यात टेक्सासची एक गोष्ट वेगळी होती. स्पेन आणि मेक्सिको यांच्या अमलात भूगर्भातील खनिजे राजाची किंवा सरकारची असत. टेक्सासने १८६६ च्या राज्यघटनेने तो हक्क सोडून दिला आणि जमिनीखालचे जे काही असेल ते जमीनमालकाचे ठरवले. त्यामुळे तिथे तेल सापडले म्हणजे सरकारला नव्हे, तर प्रथम शेतकऱ्याला, गुरे राखणाऱ्याला, गावातल्या घरमालकाला सापडले. तेल कंपनी त्याच्याकडून भाडेपट्टा घेई आणि निघालेल्या तेलाचा आठवा हिस्सा त्याला देई, अशी रूढी पडली. ज्याच्याकडे चार एकर आहेत तो चार एकरांतून जितके लवकर काढता येईल तितके काढणार, कारण आज त्याने काढले नाही तर उद्या शेजारी काढील. आमच्या शिवारात बोअरची खोली दोनशे फुटांवरून सहाशे फुटांपर्यंत कशी गेली, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे गणित वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

टेक्सासच्या तेलाची खरी सुरुवात १० जानेवारी १९०१ रोजी ब्युमाँट शहराजवळच्या स्पिंडलटॉप नावाच्या टेकाडावर झाली. पॅटिलो हिगिन्स नावाचा स्थानिक माणूस वर्षानुवर्षे तिथे तेल आहे असे सांगत होता आणि लोक त्याला हसत होते. अखेर अँथनी लुकास या युरोपातून आलेल्या अभियंत्याने तिथे खोदकाम केले आणि अकराशे फुटांच्या पुढे गेल्यावर पाइप वर फेकत तेलाचा फवारा उसळला. दिवसाला सुमारे एक लाख पिंपे तेल नऊ दिवस हवेत उडत होते, तेव्हा कुठे विहिरीचे तोंड बंद करता आले. पुढे जे झाले ते मात्र शिकवताना मी कधी सांगितले नव्हते. वर्ष-दीड वर्षात त्या लहानशा टेकाडावर शेकडो विहिरी उभ्या राहिल्या, मनोऱ्यांचे पाय एकमेकांत अडकतील इतक्या जवळ. १९०२ मध्ये तिथून पावणेदोन कोटींच्या आसपास पिंपे तेल निघाले आणि भाव पिंपाला तीन सेंटपर्यंत कोसळला. त्याच वेळी पिण्याच्या पाण्याचा एक पेला पाच सेंटला विकला जात होता, असे सांगतात. १९०४ उजाडेपर्यंत त्या टेकाडाचा जोर ओसरून उत्पादन दिवसाला दहा हजार पिंपांवर आले. तेल संपले नव्हते, दाब संपला होता.

हा दाब नीट समजून घेतला पाहिजे, कारण भूगोलाच्या तासाला मीही फळ्यावर जमिनीखाली तेलाचे तळे काढून दाखवत असे आणि ते चित्र चुकीचे आहे. तेल पोकळीत साचलेले नसते. भिजवलेल्या विटेत पाणी असते, तसे ते वालुकाश्मासारख्या खडकाच्या बारीक छिद्रांत असते. त्याच्या खाली किंवा बाजूला खारे पाणी असते, वर कधी वायू असतो आणि या सर्वांच्या दाबामुळे ते विहिरीकडे ढकलले जाते. विहिरी मोजक्या असतील आणि उपसा सावकाश असेल, तर मागचे पाणी तेलाला सारखे पुढे रेटत राहते. सगळ्यांनी एकदम उपसा केला, तर दाब पडतो, पाणी वेडेवाकडे घुसते आणि बरेचसे तेल खडकात कायमचे अडकते. म्हणजे घाई केल्यामुळे शेजाऱ्याचे तेल मिळते हे खरे, परंतु दोघांचे मिळून जे निघू शकले असते ते कमी होते. आमच्या दख्खनच्या पाषाणात पाणी भेगांतून आणि सडक्या थरांतून फिरते, त्यामुळे तुलना तंतोतंत लागू होत नाही. शिवाय पाऊस आमचे पाणी थोडेफार भरून काढतो. तेलाला पाऊस नसतो.

टेक्सासला हा धडा पुन्हा गिरवावा लागला तो १९३० मध्ये, राज्याच्या पूर्व भागात, आणि माझ्या मते टेक्सास व तेल यांच्या नात्याची खरी कथा हीच आहे. कोलंबस जॉयनर नावाच्या सत्तरीच्या म्हाताऱ्याने, ज्याला सगळे ‘डॅड’ म्हणत, गरीब शेतकऱ्यांकडून पट्टे घेऊन जुनाट यंत्रावर तीन विहिरी खोदल्या. त्याचा सल्लागार ‘डॉक’ लॉइड हा स्वयंघोषित भूगर्भशास्त्रज्ञ होता. आमच्याकडे हातावर नारळ उभा करून बोअरची जागा दाखवणारे पाणाडे असतात, त्यांच्याच जातकुळीतला म्हणावा लागेल. मोठ्या कंपन्यांच्या तज्ज्ञांनी तिथे काहीही नाही असे सांगितले होते. त्या भागात अमुक खडक आहे हे लॉइडचे सांगणे बहुतांशी चुकीचे होते, मात्र ‘खोद’ म्हणून दाखवलेली जागा बरोबर निघाली. ऑक्टोबर १९३० मध्ये साडेतीन हजार फुटांहून खोल गेलेल्या तिसऱ्या विहिरीला तेल लागले. जॉयनरने एकाच विहिरीचे हिस्से अनेकांना विकून ठेवलेले असल्याने तो कज्ज्यांत सापडला आणि त्याने आपले पट्टे सुमारे तेरा लाख डॉलरांना एच. एल. हंट नावाच्या व्यापाऱ्याला विकले. त्यातले रोख हातात आले फक्त तीस हजार, बाकीचे बहुतेक निघणाऱ्या तेलातून मिळायचे होते. हंट पुढे अमेरिकेतील सर्वांत श्रीमंत माणसांमध्ये गणला गेला.

हे क्षेत्र किती मोठे आहे हे कोणालाच कळले नव्हते. ते सुमारे पंचेचाळीस मैल लांब होते आणि त्यावर हजारो लहान मालक बसलेले होते. किलगोर गावात लोकांनी परसात, दुकानांमागे, चर्चच्या आवारात विहिरी खोदल्या. एका एकराहून किंचित मोठ्या तुकड्यावर चोवीस मनोरे उभे होते आणि त्या तुकड्याला जगातील सर्वांत श्रीमंत एकर म्हणत. १९३१ च्या उन्हाळ्यात या एकाच क्षेत्रातून दिवसाला दहा लाख पिंपांच्या घरात तेल निघू लागले. मंदीचे दिवस होते, मागणी घटलेली होती आणि पिंपाला डॉलरच्या आसपास असलेला भाव दहा-पंधरा सेंटांवर आला.

या टप्प्यावर एक चमत्कारिक नावाचे सरकारी खाते पुढे आले. टेक्सास रेलरोड कमिशन १८९१ मध्ये रेल्वेचे दर ठरवण्यासाठी स्थापन झाले होते. तेलाच्या नळवाहिन्यांचे काम १९१७ मध्ये त्याच्याकडे आले आणि १९१९ मध्ये त्याने दोन विहिरींत तीनशे फूट व शेजाऱ्याच्या हद्दीपासून दीडशे फूट अंतर ठेवण्याचा नियम केला. दीडशे फूट हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बांधावरची बाभळ डोळ्यांसमोर आणली. अर्थात त्या नियमाला इतके अपवाद दिले गेले की, किलगोरमध्ये तो असून नसल्यासारखा होता. या कमिशनने आता प्रत्येक विहिरीने दररोज किती तेल काढावे याची मर्यादा घालून दिली, आणि ती कोणीही पाळली नाही. अखेर १७ ऑगस्ट १९३१ रोजी गव्हर्नर रॉस स्टर्लिंग यांनी पूर्व टेक्सासच्या तेलक्षेत्रात लष्करी कायदा पुकारला आणि नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्यदलाचे हजारावर सैनिक पाठवून विहिरी बंद पाडल्या.

सरकारचा हस्तक्षेप म्हटला की ज्या राज्याच्या कपाळाला आठ्या पडतात, त्या राज्याने आपल्याच शेतकऱ्यांच्या विहिरींवर बंदूकधारी घोडेस्वार उभे केले, हे मला आजही विलक्षण वाटते. छोट्या मालकांचा संताप मला समजतो. स्टर्लिंग स्वतः हंबल ऑइल या बड्या कंपनीच्या संस्थापकांपैकी होते आणि सैन्याचे प्रमुख जनरल वॉल्टर्स हे एका तेल कंपनीचे वकील होते. ‘दाब राखण्यासाठी’ हे कारण ऐकल्यावर, ज्यांच्याकडे टाक्या, नळ आणि बँकेत पैसा होता त्यांनी आम्हाला थांबायला सांगितले, असेच त्या लोकांना वाटले असणार. डिसेंबर १९३२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गव्हर्नरांची ही कृती बेकायदा असल्याचा खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम केला. मात्र तोपर्यंत राज्याच्या विधिमंडळाने मागणी पाहून उत्पादनाची मर्यादा ठरवण्याचा अधिकार कमिशनला दिलेला होता.

मग चोरी सुरू झाली. मर्यादेबाहेर काढलेल्या तेलाला ‘हॉट ऑइल’ म्हणत. ते रात्री टँकरमधून, जमिनीखाली पुरलेल्या गुप्त नळांतून बाहेर जाई. उलट्या आट्यांचे व्हॉल्व्ह बसवलेले असत, म्हणजे तपासनीस बंद करायला गेला की ते उघडत. (आमच्या कोगनोळीच्या अलीकडच्या पंपांवर कोल्हापूरच्या गाड्या डिझेल भरायला रांग लावत, कारण दोन राज्यांच्या करांत फरक होता. ती चोरी नव्हे, परंतु भावात दरी पडली की तेल आपली वाट शोधते, हे दोन्हीकडे दिसते.) १९३५ मध्ये संघराज्य सरकारने असे तेल राज्याबाहेर नेण्यास बंदी केली, तेव्हा कुठे हा धंदा आटोक्यात आला. १९४२ पासून तेलाबरोबर निघणारे खारे पाणी पुन्हा त्याच खडकात सोडून दाब टिकवण्याचे सामायिक कामही सुरू झाले. त्या एका क्षेत्राने आजवर पाच अब्जांहून अधिक पिंपे तेल दिले आहे.

एक शिक्षक म्हणून मी इथे थोडा थांबतो. त्याच पूर्व टेक्सासमध्ये न्यू लंडन नावाच्या गावी तेलाच्या उत्पन्नातून बांधलेली भव्य शाळा होती. तेलाबरोबर निघणाऱ्या वायूला तेव्हा किंमत नव्हती, तो जाळून टाकत किंवा सोडून देत. खर्च वाचवण्यासाठी शाळेने अशाच टाकाऊ वायूच्या नळाला जोड घेतली. वायूला वास नसल्याने तो इमारतीखालच्या पोकळीत साचत गेलेला कोणाला कळला नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी, शाळा सुटायला थोडाच वेळ असताना, कार्यशाळेतील यंत्राच्या ठिणगीने स्फोट झाला आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक दगावले. त्यानंतर टेक्सासने वायूमध्ये तीव्र वासाचा पदार्थ मिसळणे बंधनकारक केले. आज आपल्या स्वयंपाकघरात सिलिंडर गळला की जो उग्र वास येतो, त्या पद्धतीच्या मागे ती शाळा आहे. तीस वर्षे वर्ग घेतलेल्या माणसाला ती वेळ, शाळा सुटण्याआधीचा तो चुळबुळीचा तास, वाचूनही सहन होत नाही.

तेलाने टेक्सासमध्ये शिक्षणाला दिलेले सगळेच असे करुण नाही. राज्याने एकोणिसाव्या शतकात विद्यापीठाला पश्चिमेकडील वीस लाख एकर जमीन देऊन टाकली होती. गुरांनाही नीट चारा मिळू नये असे ते ओसाड माळ, आमच्याकडे गायरान म्हणून सोडतात तसले. २८ मे १९२३ रोजी तिथे सांता रिटा या विहिरीला तेल लागले. अशक्य गोष्टींची कैवारी समजल्या जाणाऱ्या संत रिटाचे नाव तिला मुद्दाम दिले होते. विद्यापीठाच्या हिश्श्याची पहिली रक्कम पाचशे डॉलरांच्या थोडी वर होती. टेक्सासने ती खर्चून न टाकता मुद्दलाला हात लावायचा नाही अशा कायम निधीत ठेवली आणि त्याच निधीच्या उत्पन्नातून तिथल्या दोन मोठ्या विद्यापीठांना आजही पैसा मिळतो. ती विहीर ज्या पर्मियन खोऱ्यात होती, तेच खोरे आज, आडवे वळवलेले बोअर आणि खडकाला पाण्याच्या दाबाने फोडण्याचे तंत्र यांमुळे, अमेरिकेचे सर्वांत मोठे तेलक्षेत्र झाले आहे. एकट्या टेक्सासमधून दिवसाला पन्नास लाखांहून अधिक पिंपे निघतात. २०१७ पासून अमेरिकेचे तेल भारतातही येऊ लागले आहे.

रेलरोड कमिशनकडे परत येतो. १९३० च्या दशकापासून पुढे जवळजवळ चाळीस वर्षे या कमिशनच्या तीन निवडून आलेल्या सदस्यांनी दर महिन्याला बसून विहिरी किती दिवस चालवायच्या हे ठरवले. १९६२ च्या सुमारास बऱ्याच विहिरींना महिन्यात आठेक दिवसच परवानगी असे. जगाचा तेलाचा भाव काही अंशी या बैठकीत ठरत होता. व्हेनेझुएलाचे तेलमंत्री पेरेझ आल्फोन्सो यांनी या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केला आणि १९६० मध्ये बगदादला ओपेकची, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेची, स्थापना झाली, तेव्हा तिच्यासमोर नमुना टेक्सासचा होता. १९७२ च्या वसंतात मागणी इतकी वाढली की कमिशनने सर्व विहिरी पूर्ण क्षमतेने चालवायला मोकळीक दिली. हातात राखीव काही उरले नाही आणि पुढच्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखले, तेव्हा टेक्सासला काही करता आले नाही. २०२० मध्ये महासाथीने मागणी कोसळली, तेव्हा मार्चअखेरीस दोन उत्पादक कंपन्यांनी पुन्हा मर्यादा घालण्याची मागणी केली आणि कमिशनने एप्रिलमध्ये त्यावर दिवसभर सुनावणी घेतली. २० एप्रिलला अमेरिकी तेलाच्या वायद्याचा भाव पिंपाला उणे ३७ डॉलरांवर गेला, म्हणजे तेल घ्या आणि वर पैसेही घ्या. तरीही मे महिन्यात तो प्रस्ताव सोडून देण्यात आला. जुन्या छोट्या मालकांचे शब्दच आता बड्या कंपन्यांच्या तोंडी होते. बाजार पाहून घेईल, सरकारने मध्ये पडू नये.

विशेष म्हणजे पाण्याच्या बाबतीत टेक्सासने १९०४ चा निर्णय कधीच पूर्णपणे सोडला नाही. १९९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम ठेवला. काही भागांत स्थानिक भूजल मंडळे मर्यादा घालतात, बाकी जो उपसेल त्याचे. आपल्या कर्नाटकानेही २०११ मध्ये भूजलाचा कायदा केला आहे. आमच्या शिवारात मी अजून तो बांधावर उतरलेला पाहिला नाही.

२०१७ च्या पाडव्याला मी चुलत्यांना किलगोरची हकीगत सांगितली. ते पूर्ण ऐकून घेतात, ही त्यांची चांगली सवय आहे. ‘‘म्हणजे त्यांनी वार लावले,’’ ते म्हणाले. आम्हीही लावले. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांची बोअर, उरलेले दिवस आमची विहीर, रविवारी दोन्ही बंद. पहिल्या उन्हाळ्यात दोघांनाही वाटले की आपणच फसलो, परंतु मे महिन्यात विहिरीत हात-दोन हात पाणी टिकले. दुसऱ्याही वर्षी टिकले. तिसऱ्या वर्षी दक्षिणेकडच्या शेताच्या नव्या मालकाने, ज्याचा आमच्या वारांशी काही संबंध नव्हता, आठशे फुटांची बोअर मारली. मी आणि चुलते दोघेही त्याच्याकडे गेलो. त्यानेही चहा पाजला.